शरीराचा आपपरभाव

मराठी भाषेत नाकाला जो मान आहे तो शरीराच्या दुसऱ्या कोणत्याही अवयवाला नाही. घराण्याची अब्रू नाकावर असते. ती गेली म्हणजे नाक कापले गेले असे म्हणतात. पूर्वीच्या राजवटींत हा केवळ वाक्प्रचार नव्हता. गुन्हेगारांची आणि युद्धात सापडलेल्या कैद्यांची नाके खरोखर कापली जात, आणि तो मनुष्य मरेपर्यंत आपली शिक्षा तोंडावर वागवीत हिंडे. गेलेले नाक पुन्हा घडविण्याची विद्या या देशात प्राचीन काळी निपजली, याचे नवल वाटावयास नको. त्या विद्येच्या इतिहासातील एक मोठे पान पुण्याजवळ लिहिले गेले आहे. ते पान वाचीत पुढे गेले असता एक असा प्रश्न उभा राहतो, की ज्याचे उत्तर मिळविण्यास पुढे दीडशे वर्षे लागली. तो प्रश्न हा : स्वतःची त्वचा शरीर सहज सांभाळते, मग दुसऱ्याची, आणि त्यातही पशूची, ते का फेकून देते?

इसवी सन १७९० ते १७९२ या काळात टिपू सुलतानाशी जे युद्ध झाले, त्यात पेशवे, निजाम आणि इंग्रज एका बाजूस होते. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा श्रीरंगपट्टणापर्यंत गेल्या होत्या. त्या काळची फौज म्हणजे एक चालते शहरच असे. तोफा, तंबू, दाणागोटा हे सर्व बैलांच्या बळावर चाले. बैल हाकणारे लोक लढवय्ये नव्हते. परंतु युद्धाचे हाल त्यांना चुकत नसत. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकण्याच्या कामावर असलेला कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या कैदेत सापडला. तेथे त्याचे नाक आणि एक हात तोडण्यात आला. तशाच स्थितीत तो श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेस येऊन मिळाला, आणि पुढे कंपनी सरकारने त्यास पेन्शन लावून दिले. हात परत येणे शक्यच नव्हते. नाकावाचून मात्र त्याने एक वर्षाहून अधिक काळ काढला, आणि त्यानंतर पुण्याजवळ राहणाऱ्या एका कारागिराकडून नवे नाक करून घेतले. हा कारागीर वैद्य नव्हता. तो विटा करणाऱ्या जातीचा होता, एवढेच लिखित हकिकतीत नमूद आहे.

त्या वेळी पुण्यात सवाई माधवराव गादीवर होते, कारभार नाना फडणिसांच्या हाती होता, आणि मुळा-मुठेच्या संगमावर इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट राहत होता. या क्रियेची वार्ता इंग्रजांच्या कानी गेली. मुंबई इलाख्यातील थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन डॉक्टरांनी ती प्रत्यक्ष पाहिली आणि तिची बारकाईने नोंद केली. त्या नोंदीवरून ही क्रिया कशी होत असे ते स्पष्ट समजते.

प्रथम मेणाची पातळ पत्री करून ती उरलेल्या नाकाच्या खुंटावर बसवीत आणि तिला चांगल्या नाकाचा आकार देत. मग ती पत्री काढून सपाट करीत, कपाळावर ठेवीत आणि तिच्या कडेने रेघ ओढीत. त्या रेघेच्या आतील कातडी कपाळावरून सोडवून घेत. मात्र दोन्ही डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी न कापता तशीच ठेवीत. नाकाच्या खुंटावरील जुना व्रण तासून तेथे ताजी जखम करीत, आणि तिच्या मागे नाकपुड्यांच्या रेषेने वरच्या ओठापर्यंत एक चीर देत. मग कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली उतरवीत आणि तिची कड त्या चिरेत बसवीत. टाके घालण्याची चाल नव्हती. पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक बसवीत. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेली फडकी ठेवीत. पहिले पाच-सहा दिवस रुग्णास उताणे निजवून ठेवीत, आणि दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाच्या वाती घालीत. सुमारे पंचविसाव्या दिवशी, नवी कातडी जुन्या अंगाशी एकजीव झाली म्हणजे, डोळ्यांमधील पट्टी कापून टाकीत. विड्याच्या पानातील कात, स्वयंपाकघरातील तूप आणि ओतकामाच्या उपयोगी पडणारे मेण एवढ्या सामग्रीवर माणसाचा चेहरा परत मिळत असे.

त्या काळी जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पेशव्यांच्या दरबारातील चित्रे काढीत होता. त्याने १७९४ च्या जानेवारीत कावसजीचे चित्र काढले. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात ‘बी. एल.’ एवढ्याच सहीचे एक पत्र चित्रासह छापून आले, आणि पुण्याजवळच्या या कारागिरीची वार्ता युरोपभर पसरली. लंडनचा शस्त्रवैद्य जोसेफ कार्प्यू याने ही रीत अभ्यासून, मृत देहांवर तिचा सराव करून, १८१४ साली एका लष्करी अधिकाऱ्यावर ती प्रथम आजमावली. दुसरी क्रिया केल्यावर त्याने १८१६ साली दोन्हींचा वृत्तांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. १८१८ साली बर्लिनच्या ग्रेफे या शस्त्रवैद्याचा याच विषयावरील ग्रंथ निघाला. कपाळाच्या कातडीने नाक करण्याच्या रीतीस ‘भारतीय पद्धत’ हे नाव युरोपच्या वैद्यकात कायमचे चिकटले. इंग्रज डॉक्टरांची, चित्रकाराची आणि रुग्णाचीही नावे इतिहासात राहिली. ज्याच्या हातात हे कसब होते, त्याचे नाव विचारून लिहून ठेवण्याचे कोणास सुचले नाही.

ही विद्या त्या कारागिराच्या काळापेक्षा फार जुनी होती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात तुटलेल्या नाकाचे संधान सांगितले आहे. तेथे नाकाच्या मापाचे वृक्षाचे पान घेऊन त्या मापाची कातडी गालावरून काढावी, ती नाकाच्या अग्रावर बसवावी, आणि श्वासासाठी दोन नळ्या घालाव्यात असे सांगितले आहे. पानाच्या जागी मेण आले, गालाच्या जागी कपाळ आले. परंतु मूळ युक्ती एकच राहिली. माप आधी घ्यावयाचे, कातडी रुग्णाच्याच अंगावरील घ्यावयाची, आणि तिचे मूळ तुटू द्यावयाचे नाही. पार्वतीच्या पुत्रास हत्तीचे मस्तक लाभले, दक्षास बोकडाचे लाभले, अशा कथा पुराणांत आहेत आणि त्या प्रत्येक घरात सांगितल्या जातात. त्या श्रद्धेच्या आणि कल्पनेच्या कथा आहेत. त्यांवरून शस्त्रवैद्यकाचा इतिहास काढता येत नाही. ज्यांनी खरोखर शस्त्र हाती धरले त्यांनी पशूची कातडी घेतल्याचे सुश्रुतातही आढळत नाही आणि पुण्याच्या हकिकतीतही आढळत नाही. त्यांनी रुग्णाची स्वतःची कातडी सोडली नाही, यातच त्यांच्या यशाचे मर्म होते.

युरोपात हाच धडा निराळ्या वाटेने शिकला गेला. इटलीतील बोलोन्या येथील ताल्याकोत्सी याने १५९७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रुग्णाच्याच दंडाच्या कातडीने नाक करण्याची रीत सांगितली. दंड नाकाशी बांधून रुग्णास कित्येक दिवस तसेच ठेवावे लागे. एवढा त्रास देण्यापेक्षा दुसऱ्याची कातडी का घेऊ नये, हा प्रश्न त्यानेही विचारात घेतला होता. दोन माणसे इतके दिवस एकत्र बांधून ठेवणे कठीण, हे एक उत्तर त्याने दिले. आणि प्रत्येक व्यक्तीच्या अंगी असे काही वेगळेपण असते की ते दुसऱ्याशी जुळत नाही, हे दुसरे. या दुसऱ्या उत्तरास प्रयोगाचा आधार मिळण्यास विसावे शतक उजाडावे लागले. मधल्या काळात लोकांनी यावर एक चमत्कारिक दंतकथा रचली. एका गृहस्थाने हमालाच्या कातडीचे नाक करून घेतले. पुढे तो हमाल दूर गावी मेला, आणि त्याच क्षणी या गृहस्थाचे नाक थंड पडून गळाले, अशी ती कथा. कथा खोटी असली तरी उसने नाक टिकत नाही एवढा अनुभव तिच्यात उतरला होता.

पशूंच्या बाबतीत हा अनुभव अधिक कठोर होता. १६६७ साली पॅरिस येथे जाँ-बाप्तिस्त देनी या वैद्याने एका मुलाच्या शिरेत कोकराचे रक्त घातले. रक्त थोडे होते म्हणून असो, मुलगा वाचला. पुढे एका वेड लागलेल्या मनुष्यास वासराचे रक्त दिले गेले. दुसऱ्या खेपेस त्यास घाम सुटला, कमरेत कळा आल्या आणि काजळीसारखी काळी लघवी झाली. तिसऱ्या प्रयत्नानंतर १६६८ साली तो मेला. खटला झाला, देनी सुटला. परंतु काही वर्षांतच फ्रान्समध्ये ही क्रिया बंद करण्यात आली. त्या काळ्या लघवीचा अर्थ पुढे दोनशे वर्षांनी उलगडला. १८७५ साली लांडोइस या जर्मन शास्त्रज्ञाने दाखविले, की एका जातीच्या प्राण्याच्या रक्तकणिका दुसऱ्या जातीच्या प्राण्याच्या रक्तद्रवात घातल्या, तर त्या एकमेकींस चिकटतात किंवा फुटून जातात. मनुष्याचे रक्तसुद्धा सर्व मनुष्यांस चालत नाही, हे १९०१ साली व्हिएन्ना येथे कार्ल लँडस्टाइनर याने सिद्ध केले. आजचे रक्तगट ही त्याचीच देणगी होय.

कातडीच्या बाबतीत फसवणूक अधिक सूक्ष्म होती. १८६९ साली पॅरिस येथे रेव्हर्दँ याने त्वचेचे अगदी लहान तुकडे जखमेवर पेरण्याची रीत दाखविली. तेव्हापासून ससा, कोंबडी, कबूतर, बेडूक अशा नाना प्राण्यांची कातडी माणसांच्या जखमांवर लावून पाहण्यात आली. काही दिवस ती लागल्यासारखी दिसे. नंतर नाहीशी होई. तिच्या आडोशाने रुग्णाचीच त्वचा कडेकडून वाढलेली असे, आणि यशाचे श्रेय बेडकाला मिळे. विसाव्या शतकाच्या आरंभी अलेक्सी कॅरेल याने रक्तवाहिन्या शिवण्याची कला पूर्णत्वास नेली, तेव्हा अनेकांना वाटले की अडचण होती ती शिवणकामाची, आणि ती आता संपली. १९०६ साली लिऑन येथे झाबूले याने एका रुग्णास डुकराचे आणि दुसऱ्यास बकरीचे मूत्रपिंड जोडून पाहिले. शिवण उत्तम होती. परंतु थोड्याच वेळात आतील रक्त गोठून दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. मग १९२० नंतर पॅरिसमध्ये व्होरोनॉफ याने वानरांच्या ग्रंथींचे तुकडे धनिक वृद्धांच्या अंगी बसवून त्यांना तारुण्याची आशा विकली. ते तुकडेही टिकत नव्हते. टिकत होता तो लोकांचा विश्वास, आणि काही वर्षांनी तोही गेला.

परक्या द्रव्यास शरीर कसे ओळखते, याची पहिली स्वच्छ खूण कोणत्याही अवयवाने दिली नाही. ती घोड्याने दिली. घटसर्प, धनुर्वात आणि सर्पदंश यांवरील उतारा बनविण्यासाठी घोड्यास थोडथोडे विष टोचतात, त्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार होऊ देतात, आणि त्या रक्ताचा निवळ द्रव, म्हणजे सीरम, रुग्णास टोचतात. या विद्येशी पुण्याचा जवळचा संबंध आहे. हडपसर येथील पूनावाला घराण्याच्या अश्वशाळेतील निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेस सीरमसाठी दिले जात, आणि त्याच धाग्यातून १९६६ साली पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. घोड्याच्या सीरमने असंख्य मुले घटसर्पातून वाचली. परंतु कित्येकांना टोचल्यापासून आठ-बारा दिवसांनी ताप येई, अंगावर गांधी उठत, सांधे दुखत. व्हिएन्नाचे पिर्के आणि शिक या बालवैद्यांनी १९०५ साली या ‘सीरमच्या आजारा’चा ग्रंथ लिहिला. त्यांनी एक गोष्ट विशेष टिपली : त्याच मुलास पुन्हा घोड्याचे सीरम टोचले, तर आजार आठ दिवस वाट पाहत नाही, फार लवकर आणि अधिक जोराने येतो. शरीराने घोडा ओळखून ठेवलेला असतो. उपकारासाठी आलेला पाहुणाही शरीराच्या लेखी परकाच.

हाच कालक्रम त्वचेलाही लागू आहे, हे दुसऱ्या महायुद्धात उघड झाले. भाजलेल्या सैनिकांस आणि नागरिकांस पुरेल एवढी स्वतःची कातडी उरत नसे. म्हणून पीटर मेदावार हा तरुण प्राणिशास्त्रज्ञ ग्लासगोच्या इस्पितळात टॉमस गिब्सन या शस्त्रवैद्याबरोबर काम करू लागला. त्यांच्यापुढे फार भाजलेली एक तरुण स्त्री होती. तिच्या जखमांवर त्यांनी काही तुकडे तिच्याच त्वचेचे लावले आणि काही तिच्या सख्ख्या भावाच्या त्वचेचे. तिचे स्वतःचे तुकडे रुजले. भावाचे तुकडे आरंभी रुजल्यासारखे दिसले, मग सुजले आणि नष्ट झाले. नंतर भावाच्याच त्वचेचे तुकडे दुसऱ्यांदा लावले. ते पहिल्यांपेक्षा पुष्कळ लवकर गेले. १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या या निबंधाने एका फटक्यात सिद्ध केले, की परकी त्वचा दुर्बळपणामुळे मरत नाही. शरीर तिला ओळखून मारते, आणि ती ओळख विसरत नाही. रोगजंतूंपासून संरक्षण करणारी जी शक्ती, तीच येथे काम करीत असते. या मार्गावरील पुढील संशोधनाबद्दल मेदावार आणि ऑस्ट्रेलियाचा बर्नेट यांना १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ही ओळख पटते कशी, हे समजण्यास पेशवाईतील कागदांचे उदाहरण पुरे आहे. त्या काळच्या सनदेवर शिक्का आणि मोर्तब असल्यावाचून ती खरी मानीत नसत. शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर असेच प्रथिनांचे मोर्तब असते. ते आईबापांकडून अर्धे-अर्धे येते, आणि इतक्या प्रकारांनी जुळते की सख्ख्या भावंडांचेही बहुधा पुरते मिळत नाही. रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी टी-पेशी नावाच्या पेशी हे मोर्तब तपासीत सर्वांगातून फिरत असतात. निराळे मोर्तब दिसले की त्या स्वतः हल्ला करतात आणि इतर पेशींकडून प्रतिद्रव्ये निर्माण करवितात. एकाच बीजातून जन्मलेल्या जुळ्यांचे मोर्तब मात्र एक असते. १९५४ च्या डिसेंबरात बॉस्टन येथे जोसेफ मरे याने अशाच जुळ्या भावांपैकी एकाचे मूत्रपिंड दुसऱ्यास बसविले, आणि तो मनुष्य पुढे आठ वर्षे जगला. जुळी भावंडे नसलेल्यांसाठी पहारा मंद करणारी औषधे पुढे निघाली. १९८३ पासून वापरात आलेल्या सायक्लोस्पोरीनने मनुष्याचे अवयव मनुष्यास बसविणे हे नित्याचे काम केले.

मग पशूचे अवयवही याच औषधांच्या आश्रयाने का राहू नयेत? १९६३-६४ साली न्यू ऑर्लिन्स येथे कीथ रीमट्स्मा याने चिंपांझीची मूत्रपिंडे रुग्णांना बसविली. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत गेले. एक शिक्षिका मात्र नऊ महिने जगली आणि आपल्या कामावरही परत गेली. १९८४ साली कॅलिफोर्नियात एका नवजात मुलीस बबून माकडाचे हृदय बसविले. ती सुमारे तीन आठवडे जगली. वानर हे मनुष्याचे नातलग. म्हणून त्यांच्या अवयवांना थोडी तरी मुदत मिळाली. परंतु वानर संख्येने थोडे, त्यांची वीण मंद, आणि त्यांचे रोग मनुष्यास सहज जडणारे. डुकराचे अवयव आकाराने मनुष्याच्या अवयवांजवळचे, आणि त्याची वीणही मोठी. म्हणून शास्त्रज्ञांची दृष्टी डुकराकडे वळली. आणि तेथेच सर्वांत कठीण भिंत आडवी आली.

त्या भिंतीचा शोध १९८०-९० च्या दशकात लागला. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या पेशींवर गॅलॅक्टोज या साखरेची एक विशिष्ट जोडी असते. मनुष्य, वानर आणि आपल्याकडील माकडे यांच्या वंशात ही साखर घडविणारे जनुक फार प्राचीन काळी निकामी झाले. आतड्यातील कित्येक जंतूंवर तशीच साखर असते. म्हणून मनुष्याच्या शरीरात बाळपणापासूनच तिच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार असतात. डुकराचा अवयव जोडून रक्त आत शिरले, की ही प्रतिद्रव्ये त्याच्या रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरास चिकटतात. रक्तातील पूरक प्रथिने ते अस्तर फाडतात. रक्त गोठते, आणि काही मिनिटांत किंवा तासांत तो अवयव काळानिळा पडतो. भावाची त्वचा नाकारण्यास शरीरास काही दिवस लागतात, कारण शत्रूची ओळख करून घ्यावी लागते. डुकराच्या बाबतीत ओळख जन्मापासूनच तयार असते. लिऑनमध्ये १९०६ साली रक्त का गोठले असावे, याचा उलगडा असा झाला.

हा उलगडा होऊनही उपाय हाती नव्हता, तेव्हाच भारतात एक प्रयत्न झाला. १९९७ च्या जानेवारीत आसामातील सोनापूर येथे धनीराम बरुआ या शस्त्रवैद्यांनी ३२ वर्षांच्या एका रुग्णास डुकराचे हृदय बसविले. रुग्ण सात दिवसांनी मरण पावला, आणि १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली डॉक्टरांना अटक झाली. त्या साखरेचे जनुक काढून टाकलेली डुकरे जगात प्रथम जन्मास आली ती २००२-०३ च्या सुमारास. साहसास ज्ञानाची जोड मिळण्यापूर्वीच त्याचे मोल रुग्णास द्यावे लागते, हे या प्रकरणाने पुन्हा एकदा दाखविले.

डुकराचे एक अंग मात्र हृदयरोग्यांच्या छातीत पुष्कळ वर्षे सुखाने राहत आहे. ते म्हणजे हृदयातील झडप. फ्रान्समधील कार्पाँत्ये याने १९६० नंतरच्या दशकात ही झडप ग्लुटाराल्डिहाइडच्या द्रावणात ठेवण्याची रीत बसविली. हे द्रव्य चामडे कमावण्याच्या धंद्यातही वापरतात. त्याने पेशी मरतात, प्रथिनांचे धागे एकमेकांत जखडले जातात, आणि परकेपणाची खूण पुष्कळशी झाकली जाते. अशी झडप अनेक वर्षे उघडझाप करीत राहते. मूत्रपिंड किंवा हृदय यांना मात्र जिवंत राहूनच काम करावयाचे असते. त्यांना कमावता येत नाही.

म्हणून पेशींचे मोर्तबच बदलण्याचा मार्ग निघाला. ७ जानेवारी २०२२ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे एका ५७ वर्षांच्या गृहस्थास ज्या डुकराचे हृदय बसविले, त्याच्या जनुकांत दहा फेरफार केलेले होते : चार जनुके बंद केली होती आणि सहा मानवी जनुके घातली होती. त्या हृदयाने काही मिनिटांत दम तोडला नाही. ते सुमारे दोन महिने चालले. नंतर रुग्ण दगावला, आणि त्या हृदयातून डुकराचा एक विषाणूही आलेला आढळला. १९५४ साली जेथे जुळ्या भावांचे प्रत्यारोपण झाले त्याच बॉस्टन शहरात, २०२४ च्या मार्चमध्ये, ६९ फेरफार केलेल्या डुकराचे मूत्रपिंड प्रथमच एका जिवंत रुग्णास बसविले गेले. तो रुग्णही दोन महिन्यांनी वारला, परंतु मूत्रपिंडामुळे मृत्यू आल्याचे चिन्ह आढळले नाही असे इस्पितळाने सांगितले. त्यानंतर एका अमेरिकन स्त्रीच्या अंगी असे मूत्रपिंड १३० दिवस टिकले, आणि २०२५ साली आणखी एका रुग्णाच्या अंगी २७१ दिवस. दोन्ही शेवटी काढून टाकावी लागली. मिनिटांचे महिने झाले. महिन्यांची वर्षे होण्यास अजून अवकाश आहे.

या दिवसांच्या हिशेबाकडे केवळ कुतूहलाने पाहता येत नाही. मूत्रपिंडे निकामी झालेला रुग्ण आठवड्यातून दोन-तीन वेळा यंत्रास बांधला जातो. पुण्यासारख्या शहरात मृत दात्यांच्या अवयवांचे वाटप करणारी विभागीय समिती आहे. तिच्या यादीत नाव घालून वाट पाहणाऱ्या घरांना एकेक दिवसाची किंमत ठाऊक असते. भारतात बसविली जाणारी बहुसंख्य मूत्रपिंडे जिवंत नातेवाइकांनी दिलेली असतात, आणि देणाऱ्यांत स्त्रियांचाच भरणा मोठा आहे. आई मुलासाठी देते, पत्नी पतीसाठी देते. शरीराचा आपपरभाव पशूपुरता जरी जिंकता आला, तरी कित्येक घरांत हा प्रश्न तिला विचारावाच लागणार नाही. दुसऱ्या बाजूस पशूंपासून नवे रोग मनुष्यांत शिरण्याचे भय आहे, त्यासाठी रुग्णावर आयुष्यभर ठेवावा लागणारा पहारा आहे, आणि मनुष्याच्या उपयोगासाठी जन्मास घातलेल्या त्या मुक्या प्राण्याचाही विचार आहे. घाईने दिलेली आशा किती महाग पडते, याची साक्ष पॅरिसपासून सोनापूरपर्यंतचा इतिहास देतो.

तोपर्यंत पुण्याजवळच्या त्या अनाम कारागिराची रीत आपल्या मर्यादेत अढळ आहे. कर्करोगाने किंवा अपघाताने नाक गेलेल्या रुग्णास आजही शस्त्रवैद्य त्याच्याच कपाळाची कातडी उतरवून नाक करून देतात. मेणाच्या जागी दुसरे साहित्य आले, काताच्या जागी बारीक टाके आले, वेदना शमविणारी औषधे आली. परंतु डोळ्यांच्या मध्ये कातडीचा एक पूल आजही राखून ठेवतात, त्यातून रक्त वाहू देतात, आणि सुमारे तीन आठवडे थांबून मगच तो कापतात.